खळ्यावरची होडी

मामाची होडी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. माणूस गेलं की दहावं होतं, तेरावं होतं, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत चार माणसं नदीकाठी ताटकळतात. होडीचं यातलं काहीच होत नाही. एका वर्षी तिला पाण्यात सोडत नाहीत, एवढंच होतं. पुढच्या वर्षी तिच्याकडं कुणाचं लक्ष नसतं. त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या बुडावर कुणीतरी नाचणीची कणसं वाळत घातलेली दिसतात, सावलीला कोंबडी पिल्लं घेऊन बसलेली असते, आणि मग आपल्याला कळतं, ही गेली.

त्यामुळं हा मृत्युलेख उशिराचा आहे. त्यातही होडीच्या वरच्या अंगाविषयी मला फारसं लिहायचं नाही. होडी म्हटलं की लोकांना पाणी आठवतं, वल्ह्यांचा आवाज आठवतो, संध्याकाळ आठवते. हल्ली मुळशीच्या काठाला तंबू ठोकून राहणारी हौशी मंडळी अशा संध्याकाळींचे फोटो काढतात, आणि ते चांगले येतातही. मला आठवतं ते तिचं बूड. दर वैशाखात आठ-दहा दिवस आम्ही तिला पालथी घालून तिच्या बुडाशी बसायचो. माझ्या लेखी ती होडी त्या आठ-दहा दिवसांतच काय ती दिसायची. बाकी वर्षभर नुसती ये-जा करायची.

मामाची वाडी मुळशी धरणाच्या उत्तरेच्या काठावर. दक्षिणेच्या काठानं पौडहून ताम्हिणीकडं जाणारा रस्ता आहे, एसटी आहे, वर्दळ आहे. आमच्या बाजूला डोंगर सरळ पाण्यात उतरलेला. बाजार पौडला, कचेरी पौडला, डॉक्टर पलीकडं, आणि मधे हे एवढं पाणी.

हे पाणी पहिल्यापासूनचं नाही. मावळातला माणूस भाताचा. नांगर, चिखल, इरलं आणि बैल एवढं त्याचं जग. होडीशी त्याचा संबंध यायचं काही कारण नव्हतं. मुळा नदी होती, पण ती उन्हाळ्यात गुडघाभर आणि पावसाळ्यात अंगावर येणारी. पावसात पलीकडं जायचं नसतं, विषय संपला. मग १९१९ साली टाटा पॉवर कंपनी निघाली, मुळशी पेट्यात धरण घालायचं ठरलं, आणि १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांची नावं त्या लढ्याशी कायमची जोडलेली आहेत. 'जान किंवा जमीन' ही घोषणा आमच्या आजीलासुद्धा पाठ होती, अर्थासकट. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे. पहिलं असो नाहीतर दुसरं, १९२४ च्या अखेरीला ते संपलं. बापटांना सात वर्षांची सजा झाली. १९२७ साली खाली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं, मुंबईला वीज गेली, आणि आंबेमोहोराची खाचरं पाण्याखाली गेली.

इतिहासाची पुस्तकं साधारण इथं मिटतात. वाडीचा प्रश्न इथून पुढं सुरू होतो: पलीकडं जायचं कसं?

मामाच्या आज्यानं पहिली होडी करून घेतली म्हणतात. मी बघितली ती तिसरी. करणारा सुतार घाटाखालचा, रेवदंड्याच्या बाजूचा. ही वाट नीट बघण्यासारखी आहे. मुळशीचं पाणी बोगद्यानं आणि नळांनी कड्याखाली भिऱ्याला पडतं, तिथून कुंडलिकेला मिळतं, रोह्यावरून वाहत रेवदंड्याला समुद्रात जातं. सुतार बरोबर उलटा चढून आला. मामा म्हणायचा, "आपलं पाणी खाली गेलं, आन् होडी वर आली. आता ह्यो सौदा म्हनायचा का काय, तूच ठरव."

फळ्या सागाच्या. आतले वाक, म्हणजे होडीच्या बरगड्या, जांभळीच्या. जांभळीचं लाकूड पाण्यात टिकतं हे आमच्याकडं विहीर खणणाऱ्यालाही ठाऊक असतं. बूड जवळजवळ सपाट, कारण धरणाचा काठ कधी एका जागी नसतो आणि होडी सारखी चिखलातून, दगडातून ओढावी लागते. टोकदार बुडाची होडी देखणी दिसली असती, पण ती इथं कामाची नव्हती. वाडीतली माणसं दरवर्षी घरटी पायलीभर भात द्यायची आणि वर्षभर होडीतून जायची. पैसे फक्त परक्याकडून.

आता खळ्याचं सांगतो. धरणाचं पाणी वर्षभर पश्चिमेकडं उतरत असतं, त्यामुळं दिवाळीनंतर काठ रोज थोडा थोडा खाली सरकतो. वैशाखापर्यंत बुडालेली जमीन उघडी पडायला लागते. आधी बांध दिसतात, मग जोती, मग एखाद्या घराचा उंबरा. आजोळचं जुनं घर खोलात गेलेलं, ते कधीच दिसलं नाही. खळं मात्र उंचवट्यावर होतं, ते बहुतेक वर्षी वर यायचं. गोल, फरसबंद, मधोमध मळणीचा तिवडा रोवायचा खळगा. पाणी खळ्याच्या खाली चार हात गेलं की वाडीतले आठ-दहा गडी गोळा व्हायचे, ओंडक्यांवरून होडी खळ्यावर घ्यायचे आणि एका दमात पालथी घालायचे. तेवढे दिवस पलीकडं जायचं तर शेजारच्या वाडीची होडी.

थोडा मोठा झाल्यावर मला हे सगळं चमत्कारिक वाटायला लागलं. ज्या पाण्यानं खळं बुडवलं त्याच पाण्यावर चालणारी होडी दुरुस्त कुठं करायची, तर त्याच खळ्यावर. मी हे मामाला एकदा बोलूनही दाखवलं. तेव्हा मी कॉलेजात होतो, असलं काहीबाही सुचायचं वय. मामानं खळ्याकडं बघितलं, होडीकडं बघितलं आणि म्हणाला, "सपाट जागा हाय."

त्याच दिवसांत घर शाकारायचं काम असायचं, राब भाजून झालेले असायचे, लाकूडफाटा पडवीत रचायचा असायचा. मृग निघायच्या आत सगळं उरकायचं. मामा होडीच्या कामालाही शाकारणंच म्हणायचा. घराचं शाकारून झालं, आता होडीचं. पालथी घातलेली होडी दिसायचीही तशीच, एखाद्या बुटक्या घराच्या छपरासारखी. आम्ही पोरं तिच्याखाली शिरून घर-घर खेळायचो आणि बाहेरून मामा खुरप्याची मूठ आपटून आम्हाला हाकलायचा.

पहिल्या दिवशीचं पहिलं काम शेवाळ काढणं. आणि ते होडी पालथी घातल्याबरोबर, तासाभराच्या आत. जेवायलासुद्धा नंतर. ओलं शेवाळ बोटानं सरकतं, साय ओढल्यासारखं निघतं. तेच वैशाखाच्या उन्हात दोन तास राहिलं की त्याचा पापुद्रा बसतो, आणि मग तो खरवडताना लाकडाचे धागे निघतात. मामा घाई करायचा नाही, एरवी कशाचीच नाही. पण इथं तो अक्षरशः धावायचा. "सुकू देऊ नगा. सुकल्यावं त्ये शेवाळ ऱ्हात न्हाई, त्ये लाकूडच हुतं."

हत्यारं घरातलीच. जुनं, झिजलेलं खुरपं, त्याची धार मुद्दाम दगडावर मारलेली. धारेचं खुरपं लाकूड कापतं, बोथट खुरपं शेवाळ उचलतं. नारळाचा काथ्या, बारीक वाळू, विटेचा तुकडा. घासायचं ते लाकडाच्या रेषेनं, नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, मागं, कधीच आडवं नाही. बुडाची मधली पट्टी मामाची. कडेच्या फळ्या आमच्या, पोरांच्या. मामी चुलीतली राख घेऊन यायची आणि होडी अशी घासायची की बस. गोल-गोल, कोपऱ्यापासून, तांब्याचं भांडं काढावं तशी. मामा ओरडायचा, "आगं रेघेनं, रेघेनं! घागर हाय का ती?" मामी म्हणायची, "घागरीसारखीच हाय की. फरक एवढाच, घागरीला पानी आत लागतं." तिच्याशी वादात कुणी जिंकल्याचं मला आठवत नाही.

हिरवा थर निघाला की खाली लाकडाची राखी, मऊ कातडी दिसायची. तीही थोडी घ्यायची. मग खाली सागाचा तो तपकिरी रंग येतो, तेलकट, जरा कडवट वासाचा. दुपारच्या उन्हात खळ्यावर तो वास पसरायचा. बुडालेल्या जमिनीचा चिखल, सुकलेलं शेवाळ आणि साग. या तिन्हीचा मिळून जो वास होतो त्याला काही नाव नाही, आणि तो मला पुन्हा कुठं मिळालेला नाही.

खालचा सुतार एकदा या दिवसांत आला होता. आमचं बूड बघून तो म्हणाला, तुमचं काम म्हणजे निम्मं काम. समुद्रातल्या होडीच्या तळाला शंख-शिंपल्यांचे थर चढतात आणि लाकडात पोखरणारा किडा शिरतो. त्याला मारायला तळाखाली गवत पेटवून तळ शेकावा लागतो. आमच्या गोड्या पाण्यात यातलं काही नाही. पण गोड्या पाण्याचा रोग निराळा, तो म्हणजे कूज. खारं पाणी लाकडाला एका परीनं मुरवतं. पावसाचं पाणी त्याला आतून नासवतं. म्हणून होडीचं दुखणं खालून कमी आणि आतून जास्त. वाकाच्या कोपऱ्यात साचलेली पानं, त्याखाली चिखल, त्याखाली सदा ओली राहिलेली फळी. बाहेरून बूड कितीही चकचकीत केलं तरी हे आतलं कोपरे-कोपरे कोरलं नाही तर सगळं व्यर्थ. हे कोरायचं काम लहान हातांचं, म्हणजे पुन्हा आमचंच.

आता दुसऱ्या दिवसाचं. हे लिहायचं टाळलं तर लेख खोटा होईल.

दुसऱ्या दिवशी होडी ठोकून बघायची असते. खुरप्याची लाकडी मूठ घ्यायची आणि प्रत्येक फळीवर टिचभर अंतरानं ठोकत जायचं. चांगलं लाकूड टणटण बोलतं. वाकावर आवाज घट्ट होतो. आणि कुजकं लाकूड 'भद्द' करतं. मामानं शिकवलं होतं, "फनस बघतुस तसं बघ. पिकल्या फनसाचा आवाज आला की समज, गेली." अशी जागा सापडली की अरीनं टोचायचं. अरी रुतली तर तेवढी फळी पटाशीनं काढून नवा तुकडा बसवायचा. खिळ्याभोवती काळं-तांबडं वर्तुळ दिसलं तर खिळा गंजून लाकूड खातोय असं समजायचं. तोही काढायचा.

मी अकरा वर्षांचा होतो. डाव्या कडेची मागची फळी माझ्याकडं होती. पोरं वर रानात करवंदांना निघाली होती, मला हाका मारत होती. शेवटच्या हातभर जागेत एका ठिकाणी आवाज बसका आला. मी पुन्हा ठोकलं. पुन्हा तसाच. मामाला सांगितलं असतं तर अरी आली असती, पटाशी आली असती, संध्याकाळ गेली असती. मी बोटभर चिखल घेतला, त्या जागेवर चोळला, आणि "झालं" म्हणून पळालो.

त्या वर्षी गणपती आणायला मामा-मामी पौडला गेली. येताना होडीत सात-आठ माणसं, मामीच्या मांडीवर गणपती. मधल्या पाण्यात आल्यावर मामीच्या पायाला गार लागलं. डालड्याचा रिकामा डबा होता, त्यानं दोघं पाणी उपसत राहिले आणि मामा वल्हवत राहिला. सगळे सुखरूप पोचले. मामी नंतर हसत सांगायची, "बाप्पाला घाई झाली हुती, दीड दिसाचासुदिक दम न्हवता." हे मला दिवाळीत कळलं. मामा तेव्हा काहीच बोलला नाही. पुढच्या वैशाखात होडी पालथी घातल्यावर त्यानं खुरपं सगळ्यांत आधी माझ्या हातात दिलं आणि डाव्या कडेची मागची फळी दाखवली. तिथं आता नवा तुकडा होता, रंगानं फिका. "हितनं सुरू कर," म्हणाला. त्या दिवसापासून ती फळी माझीच झाली. दरवर्षी तिथूनच सुरुवात.

फटी भरायचं काम तिसऱ्या-चौथ्या दिवशी. दोन फळ्यांमधला जुना कापूस आकड्यानं ओढून काढायचा. तो काळा, घट्ट, दोरीसारखा निघायचा. नवा कापूस तेलात भिजवून वळायचा, फटीत बोथट पटाशीनं आणि लाकडी ठोकणीनं बसवायचा. फार ठोकला तर फळी फाकते, कमी ठोकला तर पाणी आत. किती ठोकायचा हे मामा आवाजावरूनच ओळखायचा. त्याचा सगळा धंदाच कानांचा होता. त्यावर राळ. खळ्याच्या कडेला तीन दगडांची चूल मांडून एका फुटक्या पातेल्यात राळ, थोडं डांबर आणि तेल कढवायचं, आणि गरम असतानाच फटींवर ओढायचं. पातेलं उतू जायचं, दगडांवर ओघळायचं, मामा शिव्या द्यायचा, आणि दरवर्षी ओघळ त्याच दगडांवर पडायचे, कारण चूल दरवर्षी तिथंच मांडलेली असायची.

मग तेल. घाटाखालून येणारं काजूच्या टरफलांचं तेल, काळं आणि चिकट. लाकडाला त्यासारखं औषध नाही म्हणतात, पण हाताला लागलं की कातडी सोलवटते. ते पहिल्यांदा आलं तेव्हा मामीनं नुसता वास घेतला आणि म्हणाली, "ह्यो तर बिब्ब्याचा भाऊ." नंतर पुस्तकात वाचलं तेव्हा थक्क झालो. बिब्बा आणि काजू खरंच एका कुळातले आहेत. बिब्बा इथला, काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेला. दोघांच्या टरफलातलं तेल सारखंच उततं. हे मामीला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. बिब्बा उतलेलं माणूस तिनं पाहिलं होतं, एवढंच. हातापायांना खोबरेल चोपडून, जुन्या धोतराचा बोळा काठीला बांधून, वाऱ्याकडं पाठ करून मामा ते तेल लावायचा. तरी दोन दिवस त्याचे हात सुजलेले असायचे. त्या दोन दिवसांत मामी त्याला भाकरी मोडून भरवायची, आणि आम्ही पोरं माना फिरवून बसायचो.

सगळं झाल्यावर एक गोष्ट शहरातल्या माणसाला उलटी वाटेल. एवढ्या मेहनतीनं पाण्यापासून वाचवलेली होडी सुलटी करून तिच्यात घागरींनी पाणी ओतायचं. आठ-दहा दिवस उन्हात राहून लाकूड आक्रसलेलं असतं, फळ्यांत उजेड दिसतो. पाणी मुरलं की लाकूड फुगतं आणि फळ्या एकमेकींना गच्च धरतात. कापूस आणि राळ नुसती मदतनीस. खरी फट लाकूडच मिटवतं. वर टहाळं टाकून, ओली पोती घालून ती तशीच खळ्यावर ठेवायची.

तिला पाण्यापर्यंत ओढत न्यायचं नाही. पाऊस सुरू होतो, धरण चढायला लागतं. बांध जातात, जोती जातात. एका सकाळी पाणी खळ्याच्या कडेला लागलेलं असतं, दुसऱ्या सकाळी होडीच्या बुडाला. मामा आतलं पाणी उपसून, दोर बांधून, घोंगडी पांघरून काठावर बसायचा. मग कधीतरी ती जरा डोलायची. मागचं अंग उचललं जायचं, मग पुढचं. खळ्याच्या बरोबर वर ती तरंगायला लागायची. मी जून-जुलैत शाळेत असायचो, त्यामुळं हे मी एकदाच पाहिलं आहे, एका साली मे महिन्यात आजारी पडून तिथंच राहिलो तेव्हा. मामानं पाण्यात हात घालून एक हळद-कुंकवाचं बोट तिच्या नाळेला लावलं आणि मला म्हणाला, "बस."

पुढं शिकायला पुण्यात आलो. संगमाजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासूनचा. तिथली पोरं मार्चमधल्या रेगाटा नावाच्या नौकामेळ्यासाठी सराव करताना दिसायची. त्यांच्या शर्यतीच्या बोटी सुईसारख्या बारीक. पाण्यातून काढल्या की चार जण खांद्यावर घेऊन यायचे आणि पालथ्या ठेवून, लगेच, पाणी सुकायच्या आत, मऊ फडक्यानं पुसायचे. मला हसू आलं. तीच घाई. फक्त इथं जलपर्णी होती आणि पाणी हात घालावंसं वाटेल असं नव्हतं. मुळाच ती, नावानं. मुळशीचं बहुतेक पाणी घाटाखाली वळवलेलं असल्यामुळं खाली पुण्यात येते ती मुळा निराळ्या ओढ्यांची आणि निराळ्या नाल्यांची.

बुडाचा खडबडीतपणा होडीला किती ओढून धरतो, हे विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज अभियंत्यानं १८७० च्या दशकात इंग्लंडातल्या टॉर्कीला मोजलं, हेही तेव्हाच वाचलं. लांब हौदात त्यानं फळ्या ओढल्या. कुणाला रोगण, कुणाला कथलाचा पत्रा, कुणाला कापड, कुणाला वाळू चिकटवलेली. वाळूच्या फळीला रोगणाच्या फळीपेक्षा कितीतरी जास्त जोर लागला. मी हे मामाला सांगितलं. तो म्हणाला, "मोजलं ते बरं केलं." मग जरा थांबून, "माझे खांदे मोजतातच की. दिवाळीनंतर होडी जड हुती. मान्सं तेवढीच अस्तात."

तिचं जाणं कुणाच्या दुष्टपणानं झालं नाही. उत्तरेच्या काठानं रस्ता झाला, आधी कच्चा, मग डांबरी. मोटारसायकली आल्या. बाळंतपणाला अडलेली बाई अंधारात होडीत घालून नेण्याचे दिवस संपले, आणि त्या दिवसांची आठवण काढून गळा काढणाऱ्याला मामीनं बडवलं असतं, कारण तिनं ते दिवस होडीत बसून बघितले होते. घरटी पायलीभर भात बंद झाला. कुणी बंद केला नाही, कुणी मागितलाही नाही. धरणावर फायबरच्या होड्या दिसायला लागल्या, इंजिनाच्या. मामाला एकीच्या मालकानं मुद्दाम बोलावून दाखवली. मामानं सवयीनं वाकून तिच्या बुडावर बोटाचं पेर ठोकलं. इकडं ठोकलं, तिकडं ठोकलं. मग उठून धोतर झटकत म्हणाला, "चांगली हाय. हिला आवाजच न्हाई."

शेवटच्या वर्षी त्यानं होडी खळ्यावर घेतली, पालथी घातली, शेवाळ काढलं. ठोकून बघितलं नाही. मी विचारलं, तर म्हणाला, ऐकू कमी येतं. ते खरंही होतं. पाऊस जवळ आल्यावर गडी बोलावले आणि होडी खळ्यावरून उचलून वर, पाणी चढतं त्या रेषेच्याही वर, आंब्याखाली नेली. त्या वर्षी पाणी खळ्यावर आलं, चढलं, तसंच वर गेलं. मामा आंब्याखाली बसून होता. नंतर काही वर्षांनी तो गेला. होडीच्या दोन फळ्यांची गव्हाण झाली, एक मोरीवर आहे. वाक अजून चांगले आहेत. जांभळीचे ना.

मागच्या मे महिन्यात गेलो होतो. पाणी बरंच खाली गेलेलं, खळं उघडं पडलेलं. दुपारची वेळ. फरशीच्या कडेला ते तीन दगड तसेच होते आणि त्यांच्यावर काळे ओघळ. इतक्या पावसाळ्यांचं पाणी त्यांच्यावरून जाऊन आलं होतं. खाली बसून एका ओघळाला नख लावलं. उन्हानं मऊ झाला होता, नखात आला.